सालदार ते सीटीसी

खामगावच्या जिनिंगमध्ये किंवा मलकापूरच्या एमआयडीसीत नोकरीला लागलेला मुलगा पहिला पगार हातात येताच घरी एकच प्रश्न विचारतो: सांगितले एवढे, मिळाले इतकेच कसे? उत्तर ‘सीटीसी’ या तीन अक्षरांत दडलेले असते. सीटीसी म्हणजे तुमचा पगार नव्हे, तर तुमच्यावर कंपनी करणार असलेला एकूण खर्च. मूळ वेतन दहा हजार असेल, तर भविष्य निर्वाह निधीसाठी 12 टक्के, म्हणजे 1,200 रुपये तुमचे कापले जातात. मालकही तेवढेच भरतो, पण तेही बहुधा सीटीसीत मोजलेले असतात. मालकाच्या वाट्यातले 833 रुपये पेन्शनकडे वळतात. ग्रॅच्युइटीचा हिशेब वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराचा, पण महिना सव्वीस दिवसांचा धरून. म्हणून दहा हजारांवर 5,769 रुपये. तीसुद्धा अनेकदा सीटीसीत धरलेली असते. हाती मात्र नोकरी सोडताना, तेही पात्र ठरलात तरच.

बाकी शब्द आपल्याला नवे नाहीत. पाडव्याला ठरणारा सालदार म्हणजे मुदतीच्या कराराचाच कामगार, फक्त कागद नसलेला. ‘उचल’ म्हणजे ॲडव्हान्स. मस्टर तर रोजगार हमीने गावोगाव नेले. तो कायदा 1977 चा. ‘खाडा’ला ‘लीव्ह विदाऊट पे’ म्हटले की तो जरा सुसंस्कृत वाटतो, इतकेच. पैसे तेवढेच कापतात.

या अंकात असे शब्द उलगडले आहेत. नेमणूकपत्र शेजारी घेऊन वाचावेत.