चातुर्मास संपला की बघू?



‘सोनोग्राफीत ओव्हरीवर मोठी सिस्ट निघालीय. पण आता अठ्ठाई आहे, चातुर्मास संपला की बघू.’ ठाण्यापासून कल्याणपर्यंत आपल्या बायकांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय, की आता स्पष्टच बोलते. हे तप नाही, टाळाटाळ आहे.

थांबायला डॉक्टरही सांगतात. पाळी चालू असलेल्या बाईची पाण्याने भरलेली साधी सिस्ट पाच सेंटीमीटरच्या आत असेल, तर ती बहुतेकदा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जाते. पाच ते सात असेल तर पुन्हा सोनोग्राफी करतात. सातच्या वर एमआरआय किंवा ऑपरेशनचा विचार होतो. डरमॉइड किंवा चॉकलेट सिस्ट मात्र काढ्या-चूर्णांनी विरघळत नाही. पाळी गेलेल्या बाईने तर लहान सिस्टही नीट तपासून घ्यावी. डॉक्टरांच्या थांबण्याला पुढची तारीख असते, आपल्या थांबण्याला नुसती सबब.

मोठ्या सिस्टमुळे ओव्हरीला पीळ पडू शकतो. एका बाजूला अचानक असह्य कळ येते, उलट्या होतात. उपवासात असं झालं की घरचे म्हणतात, ‘पित्त झालं, पडून राहा.’ तिकडे ओव्हरीचा रक्तपुरवठा बंद होत असतो आणि ती वाचवायला हातात काही तासच असतात. उपवास मोडेल म्हणता? मग पच्चक्खाणात समाधीचा आगार कशासाठी ठेवलाय? तीव्र वेदनेत औषध घेता यावं म्हणूनच ना! औषधदान आपण पुण्याचं मानतो, आजाऱ्याच्या वेयावच्चाला अभ्यंतर तप म्हणतो. मग घरातल्या बाईचंच औषध धर्माच्या आड कसं येतं?

दुसरी सबब मुलीच्या लग्नाची. अहो, दुर्बिणीतून पुष्कळदा नुसती सिस्ट काढून ओव्हरी ठेवता येते. एक काढावी लागली, तरी दुसरी चांगली असेल तर मूल होऊ शकतं. लपवण्याच्या नादात पीळ पडला, तर आहे ती ओव्हरीही जायची.

१८०९ साली अमेरिकेत जेन क्रॉफर्ड नावाची बाई पोटात सुमारे दहा किलोची ओव्हरीची गाठ घेऊन घोड्यावरून जवळजवळ शंभर किलोमीटर गेली. डॉ. मॅकडॉवेल यांनी भूल न देता तिचं पोट उघडलं. भूलच तेव्हा नव्हती. ती तिच्या धर्माची स्तोत्रं म्हणत राहिली आणि पुढे बत्तीस वर्षं जगली. श्रद्धा तिलाही होती. तिने ती वैद्याकडे जाताना सोबत नेली.

आपल्याला तर डोंबिवलीहून लोकलनेच जायचंय. खर्चाची चिंता असेल तर कळव्याला ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. कपाटात ठेवलेला रिपोर्ट उद्याच बाहेर काढा आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: सिस्ट कोणत्या प्रकारची, किती सेंटीमीटरची आणि पुन्हा कधी यायचं? सासूबाईंनो, सुनेबरोबर तुम्ही स्वतः जा.

अठ्ठाई पुढच्या पर्युषणातही होईल.