घाटावरचे ऊन आणि आपली बिऱ्हाडे

निवृत्तीचे दिवस जवळ आले, की गोमंतकातील मध्यमवर्गीय घरांतून अलीकडे एक विषय हमखास निघतो. पुढचे आयुष्य कोठे काढावयाचे, हा तो विषय. एके काळी हा प्रश्नच पडत नसे. वडिलोपार्जित घर असे, परसात चार माड असत, हाकेच्या अंतरावर देऊळ असे, आणि मुंबईची नोकरी संपवून माणूस निमूटपणे आपल्या ओसरीवर येऊन बसे. आज ते घर वाटण्यांच्या कज्ज्यांत अडकले आहे. नवे घर घ्यावे म्हटले, तर पणजी-म्हापशाकडील दर ऐकूनच पेन्शनरास घाम फुटतो. मग विचार सुरू होतो तो दूरच्या गावाचा. गाव उन्हाचे असावे, हवा कोरडी असावी, महिन्याचा खर्च पेन्शनीत भागावा, आपली भाषा कोणास तरी समजावी आणि वर्षातून एकदा कुलदेवतेच्या जत्रेला खाली उतरता यावे. या पाचही कसोट्या लावून झाल्या, की बोट बहुधा बेळगाववर येऊन थांबते.

ही निवड समजण्यासारखी आहे. आमच्याकडे वर्षाकाठी सुमारे १२० इंच पाऊस पडतो. भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी चढते, आणि संधिवाताच्या व दम्याच्या माणसाला आषाढ-श्रावण म्हणजे शिक्षाच वाटते. तरीही ऊन शोधत जाणाऱ्यांनी आधी बेळगावची नीट ओळख करून घ्यावी, हे बरे. अडीच हजार फूट उंचीवरील या शहरास जुनी माणसे 'गरिबांचे महाबळेश्वर' म्हणत, ते उगाच नव्हे. तेथे पाऊस आमच्याहून निम्म्याने कमी असला, तरी जुलै-ऑगस्टची झड आणि पौषातील गारठा यांतून सुटका नाही. खानापूरकडे सरकावे, तर जांबोटी-कणकुंबीचा पाऊस आमच्या सत्तरीच्या पावसाशी स्पर्धा करतो. खरे कोरडे ऊन हवे असेल, तर सह्याद्रीला पाठ करून पूर्वेकडे जावे लागते. निपाणी-चिकोडीच्या बाजूस पाऊस उतरत जातो आणि अथणीस पोहोचेपर्यंत पाण्याचीच चिंता सुरू होते. एकाच जिल्ह्यात हवेचे इतके प्रकार असताना ऐकीव गोष्टींवर आयुष्याची पुंजी लावणे शहाणपणाचे नाही. ज्याला तेथे राहावयाचे आहे, त्याने एक पावसाळा आणि एक हिवाळा भाड्याच्या खोलीत काढून पाहावा.

बेळगावशी आपला संबंध काही आजचा नाही. पोर्तुगीज राजवटीत लिसेवच्या पलीकडचे शिक्षण मराठी-इंग्रजीतून घ्यावयाचे, तर गोमंतकीय विद्यार्थ्यास घाट चढावा लागे. १८४८ सालचे तेथील सार्वजनिक वाचनालय, १९३३ सालचे लिंगराज कॉलेज, बाबुराव ठाकुरांचे 'तरुण भारत' ही नावे आपल्या वडील पिढीला घरातल्यासारखी होती. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते याच शहरात. पुढे गोव्याच्या मुक्तिलढ्यातील हद्दपार कार्यकर्त्यांना आसरा मिळाला, तोही येथेच, आणि डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेनेची जमवाजमव झाली, तीही याच भूमीवर. आजही आपला रोगी केएलईच्या रुग्णालयात जातो, आणि आपल्या स्वयंपाकघरातील भाजी पहाटेच्या ट्रकांतून बेळगावहून उतरते. अशा गावी जाऊन राहावेसे वाटण्यात गैर काय?

गैर काही नाही. मात्र जाणाऱ्याने एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी द्यावयास हवे, आणि तो प्रश्न थोडा अवघड आहे. विजापूर, बागलकोट, गदग या जिल्ह्यांतून पोटासाठी घाट उतरून आलेल्या मजुराला आपण आजवर काय म्हणत आलो? 'घाटी' हा शब्द आपल्या तोंडी इतका सहज येतो, की त्यातील तुच्छता आपल्याला जाणवतही नाही. त्याने आपले रस्ते बांधले, आपल्या इमारतींच्या विटा वाहिल्या, आणि तरीही तो आपल्या लेखी परकाच राहिला. आता स्वस्त घरासाठी आपण तोच घाट उलट दिशेने चढणार असू, तर वरच्या लोकांनी आपणास कोणत्या नावाने हाक मारावी? त्याला भाकरीची गरज होती, आपणास स्वस्ताईची हौस आहे. तेव्हा आपली बाजू त्याच्याहून अधिक बळकट आहे, असेही म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आसगाव, मयडे, शिवोली या गावांत दिल्ली-मुंबईच्या धनिकांनी घरे घेतली, वर्षातून पंधरा दिवस ती उघडली आणि उरलेले दिवस कुलूप घातले. त्यामुळे जमिनीचे दर चढले, गावच्या मुलास गावात घर घेणे अशक्य झाले, आणि आपण सर्वांनी त्याविरुद्ध योग्य तो आवाज उठविला. आता आपल्यापैकीच काहीजण बेळगावच्या वेशीवर प्लॉट घेऊन ठेवतात. घर बांधण्याचा विचार पाच-दहा वर्षांनी. तोवर दर वाढला तर विकून टाकू, असा हिशेब असतो. धनिकांनी बार्देशचे जे केले, तेच आपण अनगोळ-वडगावचे करीत आहोत. रक्कम लहान आहे, एवढाच काय तो फरक.

शिवाय हा प्लॉट ज्या जमिनीवर पडतो, ती जमीन कोणती, हेही पाहावयास हवे. शहापूर, यळ्ळूर, वडगावचे शिवार हे काळ्या कसदार मातीचे शिवार आहे. बेळगावच्या बासमतीचा सुगंध या मातीतून आला. या शिवारातून जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपासला तेथील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, तो पोटतिडकीने. अशात २०२० साली कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यात दुरुस्ती करून शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन विकत घेण्याची वाट मोकळी केली. याउलट २०२३ साली गोव्याने कायदा करून भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्यास विकण्यावर निर्बंध घातले. आपल्या शेतास कुंपण घालून दुसऱ्याच्या शेतात प्लॉट पाडावयाचे, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो? आणि ज्या शिवारातून आपली भाजी येते, तेच शिवार आपण बुजविले, तर उद्या म्हापशाच्या बाजारात काय विकावयास येणार आहे?

तिसरी गोष्ट सीमाभागाची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून त्याच तारखेला त्याच शहरात एक समाज राज्योत्सव साजरा करतो व दुसरा काळा दिन पाळतो. १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्रास द्यावी, बेळगाव कर्नाटकातच राहावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले. २०२४ साली फलकांवर साठ टक्के कन्नड असावे, असा दंडक कायद्याने आला. निपाणीत तर सीमारेषा गावाच्या अंगणातून जाते. गाव कर्नाटकात आणि देवचंद कॉलेज महाराष्ट्राच्या कागल तालुक्यात! तंबाखूची ही पेठ, विड्या वळणाऱ्या बायाबापड्यांचे हे गाव. १९८१ साली रास्त भावासाठी येथे महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि त्यांत बळी गेले. अशा गावांकडे केवळ 'ऊन छान, भाडे कमी' एवढ्याच नजरेने पाहणे, हा तेथील माणसांच्या सोसण्याचा अपमान आहे, असे आम्हांस वाटते.

याचा अर्थ कोणी जाऊ नये, असा नाही. जावे, पण राहावयास जावे. घर घेतले, तर त्यात दिवा लावावा. शेतजमिनीवरील प्लॉटापेक्षा शहरातील जुने घर पसंत करावे. तेथील मराठी शाळेला व वाचनालयाला आपला हात लागावा, आणि त्याबरोबरच शेजाऱ्याची कन्नड शिकावी. सीमाभागातील मराठी माणूस कित्येक पिढ्या दोन्ही भाषा बोलत आला आहे. त्याचा झगडा आपल्या भाषेच्या हक्कासाठी आहे, कन्नड शेजाऱ्याशी नाही. चार शब्द कन्नडचे बोलल्याने आपले मराठीपण उणे होत नाही. बाहेरून येणाऱ्याने गोव्यात कोकणी-मराठी शिकावी, अशी अपेक्षा आपण धरतो. तीच अपेक्षा आपल्याविषयी धरण्याचा हक्क बेळगावकरांस आहे.

आणि एक शब्द पणजीतील राज्यकर्त्यांसाठी. आयुष्यभर या भूमीत कर भरलेल्या शिक्षकाला, कारकुनाला, परिचारिकेला म्हातारपणी छप्परासाठी राज्याबाहेर पाहावे लागते, ही कोणत्याही सरकारला भूषणावह गोष्ट नव्हे. बंद पडलेली घरे भाड्याने देण्यास मालकाला धीर यावा असे कायदे, वाटण्यांच्या दाव्यांचा लवकर निकाल आणि गृहनिर्माण मंडळाकडून खरोखर मध्यमवर्गास परवडतील अशी घरे, या तीन गोष्टी झाल्या, तर निम्मी बिऱ्हाडे जागच्या जागी राहतील. ओल तर आपल्या आजोबांच्याही भिंतींना होती. दर पावसाळ्यापूर्वी कौले परतून घेऊन ते त्याच घरात राहिले, कारण ते घर त्यांना परवडत होते.