राखणदाराची राखण कोण करणार?



खोडकिडीबद्दल, खताच्या मात्रेबद्दल आम्ही या पानावरून नेहमीच लिहितो. आज कुत्र्या-मांजरांबद्दल लिहीत आहोत. हा शेतकी खात्याचा विषय नव्हे, असं कुणी म्हणेल. पण आमचं निम्मं आयुष्य वस्त्यांवर फिरण्यात गेलं आणि कुत्रं नसलेली वस्ती आम्हांस क्वचितच दिसली.

मागे एका वस्तीवर नोंदीला गेलो होतो. दारातलं कुत्रं जबडा लोंबवून बसलेलं, लाळ गळतेय, पाणी पिता येईना. मालक म्हणाले, "साहेब, घशात हाड अडकलंय. हात घालून काढतो आता." आम्ही ओरडून त्यांचा हात अडवला. हाड नव्हतंच, कुत्रं पिसाळलेलं होतं. दोन दिवसांत ते मेलं. आदल्या दिवशी मालकांच्या मुलानं त्याच्या तोंडात बोटं घातली होती, त्याला इंजेक्शनं घ्यावी लागली.

पिसाळलेलं कुत्रं म्हणजे धावत सुटून चावणारंच, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. मुक्या प्रकारात ते कोपऱ्यात गप्प बसतं, जबडा आणि घसा लुळा पडतो. गाई-म्हशींनाही असंच होतं, आणि 'काहीतरी अडकलं' म्हणून माणसं घशात हात घालतात. रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर माणसाला काय, जनावराला काय, खात्रीचा इलाज नाही.

लस मात्र आहे. पिलू तीन महिन्यांचं झालं की पहिली, मग दरसाल. मांजरालाही हीच, कारण मांजराच्या चाव्यातूनही रेबीज होतो. चावलं तर जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवावी, हळद-चुना-तिखट काही भरू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती कित्येकांच्या मनात अजून आहे. ती पद्धत केव्हाच बंद झाली. आता दंडात देतात. जखम खोल असेल तर जखमेभोवती सिरमही द्यावं लागतं.

आता आमचं म्हणणं. एकट्यादुकट्यानं आपलं कुत्रं टोचून आणल्यानं गावातला रोग थांबत नाही. भागातली शंभरातली सत्तर कुत्री टोचली गेली तर त्याचा फैलाव तुटतो. ही सत्तर केवळ सभासदांच्या दारातली धरून भरत नाहीत. हंगामात तोडणीच्या टोळ्या येतात, गाडीखालून चालत त्यांची कुत्रीही येतात. कोप्यांपाशी मुलं आणि कुत्री एकत्रच झोपतात. फडातला ऊस त्या माणसांनी तोडायचा आणि त्यांच्या मुलाला कुत्रं चावलं तर ते मुकादमानं बघायचं, हे आम्हांस पटत नाही. बैलांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायची व्यवस्था होते, मग याचीही व्हावी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमारास गावोगावी एक शिबिर आणि टोळ्या उतरल्यावर तळांवर दुसरं, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीनं घ्यावं, असं आम्ही संचालक मंडळास सुचवत आहोत.

एक गोष्ट आमच्याही पदरी आहे. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचं आमिष वापरा, असं आम्हीच सांगत आलो. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा, हे मात्र पुरेसं ठासून सांगितलं नाही. ते उंदीर खाऊन मांजरं मरतात, आणि मग उंदरांना रान मोकळं. गोचिडांसाठी कुत्र्याला थिमेट चोळणारेही आम्ही पाहिलेत. कुत्रं तर मरतंच, चोळणाराही दवाखान्यात जातो. थिमेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, तरी माळ्यावर जुनी पिशवी निघते. गोचिडाचं औषध डॉक्टरांकडूनच घ्यावं, आणि कुत्र्याचं मांजराला लावू नये. तापावरची आपली पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला मारक आहे. खरूज, जंत, पिलांची रक्ताची हगवण यांबद्दल पुन्हा केव्हातरी लिहू.

आडसाली लागणीच्या नोंदीला चिटबॉय येईल, तेव्हा क्षेत्राबरोबर वस्तीवर कुत्री-मांजरं किती, तेही त्याला सांगावं. लस किती मागवायची त्याचा अंदाज गट ऑफिसला त्यावरूनच येईल.