पट्टी वर का येते?

विश्रामगृह असो, तहसील असो की पोलीस ठाणं, मराठवाड्यात सरकारी बाग म्हटली की तिरक्या विटांची करवतकाठी कड आलीच. एक वीट गेरूची, एक चुन्याची. मोठे साहेब येणार असले की आदल्या दिवशी रंग ताजा होतो. मला ती कड आवडते. हरळीलाही आवडते. विटांच्या फटीतून ती बिनदिक्कत गुलाबाच्या वाफ्यात शिरते.

आता आमच्या माहुरातही नव्या घरांपुढे, लॉजपुढे हातभर लॉन आणि त्याला लोखंडी पट्टीची कड दिसू लागली आहे. (मे महिन्यात त्या लॉनला पाणी कुठून आणायचं, हा विषय वेगळा.) एक सूत जाडीची, चार इंची एमएस पट्टी मीटरला साधारण 2.4 किलो भरते. हवी तशी वाकते, रेघ सुबक येते. पण एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला की ती जागोजागी वर आलेली असते, आणि मालक वेल्डिंगवाल्याला बोल लावतात.

दोष त्याचा नसतो, मातीचा असतो. पैनगंगेकडच्या सखल भागातली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरच्यावर ठोकलेली पट्टी या ओढाताणीत टिकणार कशी? उपाय साधा आहे. चर खणायचा, काळी माती बाजूला काढायची आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना मुरूम भरून धुमसायचा. पट्टीला दर तीन फुटांवर फूटभर लांब, दहा एमएमची सळई जोडायची. गडाच्या उतारावर मुरमाड जमीन असते. तिथे पट्टी हलत नाही, पण सळई ठोकता ठोकता घाम निघतो.

उन्हाचंही गणित आहे. सहा मीटरची पट्टी 40 अंशांनी तापली की जवळजवळ 3 मिलिमीटर वाढते. सरळ कडेला सांधे पक्के वेल्ड केले तर ती मधेच पोक काढते. टोकं एकमेकांवर चढवून सरकती ठेवावीत. वळणदार कडेला एवढी चिंता नाही. रेड ऑक्साइड मारला तरी मातीतला भाग गंजणारच; जस्त चढवलेली पट्टी महाग पडते, पण जास्त टिकते.

आणि हरळी? ती वरून सरपटत येते, तशी खालून काशांनीही येते. चार इंच तिला पुरत नाहीत. निदान सहा इंच पट्टी जमिनीत हवी, तरीही कडेची छाटणी चुकत नाही. वर मात्र ती बोटभरही नको. पावसाचं पाणी अडतं ते एक, आणि रेणुकामातेच्या दर्शनाला अनवाणी येणारे कमी नाहीत. कापलेल्या पट्टीची धार पायाला काय करते, ते सांगायला नको.

हे मी ओळखीच्या एका वेल्डिंगवाल्याला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाईक म्हणते, दिसली पाहिजे. गाडलेल्या लोखंडाचे पैसे द्यायला कोण तयार होते?"