यूपीटी निगेटिव्ह : कोणी, कधी, कोणत्या कार्डावर?

होळी झाली की वऱ्हाडात उन्हाचे बोलणे सुरू होते आणि आपल्या प्रयोगशाळांत फ्रिजचे. एलायझाची किट, ब्लड ग्रुपिंगचे अँटिसेरा, कॅलिब्रेटर यांना आपण जपतो. कॅज्युअल्टीच्या ड्रॉवरमधल्या गर्भचाचणीच्या (यूपीटीच्या) कार्डांना कोणी वाली नसतो. सिरिंज आणि चिकटपट्टीच्या शेजारी ती अख्खा उन्हाळा पडून असतात. बहुतेक कार्डांच्या पाकिटावर साठवणुकीची वरची मर्यादा ३० अंश सेल्सिअस छापलेली असते. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४४-४५ वर जाणे आपल्याला नवे नाही.

कार्डात वाळवून बसवलेल्या अँटिबॉडी असतात. लघवीतले एचसीजी त्यांना धरून पट्टीवरून पुढे सरकते आणि टेस्टच्या जागी अडकते. तीच आपली रेघ. अँटिबॉडी हे प्रथिन. उष्णतेने आणि दमट हवेने ते हळूहळू दुबळे होते, एकदम मरत नाही, आणि घात होतो तो इथेच. ज्या लघवीत एचसीजी भरपूर आहे तिथे रेघ उमटतच राहते आणि कार्ड चांगले असल्याची आपली खात्री पक्की होत जाते. २५ मिली-युनिटला रेघ देणारे कार्ड जूनमध्ये किती मिली-युनिटला रेघ देते, ते आपण पाहिलेलेच नसते. कंट्रोलची रेघ हे सांगत नाही. लघवी पट्टीच्या टोकापर्यंत पोचली, एवढेच ती सांगते. नमुना पाण्यासारखा होता की घट्ट, याच्याशी तिचा काही संबंध नाही.

मी रात्रपाळी करत असे त्या एका रुग्णालयातली केस अजून डोळ्यांसमोर आहे. पोटात दुखते, चक्कर येते म्हणून विशीतली एक बाई दुपारी आली होती. "मले तं दोन महिने झाले, पाळी नाई आली," असे तिने स्वतःहून सांगितले होते. सोनोग्राफीसाठी तिला भरपूर पाणी प्यायला लावले. नंबर लागेना, लघवी रोखवेना, म्हणून ती जाऊन आली आणि त्याच नमुन्यावर यूपीटी झाली. केसपेपरवर दोन शब्द : "यूपीटी निगेटिव्ह". वेळ नाही, सही नाही. पुढच्या पाळीच्या डॉक्टरांनी ते वाचले आणि अपेंडिक्सचा विचार सुरू केला. रात्री तिचा रक्तदाब कोसळला. गर्भनलिकेतला गर्भ फुटला होता. ऑपरेशन झाले, रक्त मिळाले, ती वाचली. दुसऱ्या दिवशी ते कार्ड कोणी लावले, किती मिनिटांनी वाचले, लघवी कशी दिसत होती, हे आम्ही एकमेकांना विचारत राहिलो. कोणालाच सांगता आले नाही. कार्ड केव्हाच कचऱ्यात गेले होते.

ज्या बाईची लघवी सर्वांत पातळ, तिच्याचबाबतीत हे उत्तर सर्वांत महत्त्वाचे असते. सोनोग्राफीसाठी तांब्याभर पाणी प्यायलेली, किंवा चक्कर आली म्हणून सलाइनच्या दोन बाटल्या चढवलेली. शेतातून थेट आलेल्या बाईची लघवी गडद असते. तिथे निगेटिव्हवर तुलनेने जास्त विसंबता येते. पण पाण्यासारख्या नमुन्यावरचे निगेटिव्ह हे उत्तर म्हणून धरूच नये. ओळखायचे कसे, तर साधन आपल्याकडेच आहे. दहा पॅरामीटरच्या पट्टीवर स्पेसिफिक ग्रॅव्हिटीचा चौकोन असतो. १.०१० किंवा त्याहून कमी दिसली तर "नमुना पातळ, सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा करा" असे लिहा. आणि पोटदुखी, रक्तस्राव किंवा चक्कर असेल तर सकाळची वाट पाहू नका. रक्तातले बीटा एचसीजी आणि सोनोग्राफी त्याच रात्री हवी. धारणीहून अमरावतीला यायला घाट उतरून दीडशेच्या आसपास किलोमीटर पडतात. चुकीच्या निगेटिव्हवर घरी परतलेली बाई पुन्हा वेळेत पोचेलच, असे धरून चालता येत नाही.

उलटा प्रकारही आहे, आणि तो आपल्यापैकी अनेकांना शिकवलेला नसतो. एचसीजी फारच जास्त असले तर दोन्ही बाजूंच्या अँटिबॉडी वेगवेगळ्या भरून जातात आणि रेघ फिकी पडते किंवा येतच नाही. द्राक्षगर्भात हे होऊ शकते. त्याहून सामान्य कारण म्हणजे बीटा कोअर फ्रॅगमेंट. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लघवीत एचसीजीचा हा तुटलेला तुकडा फार वाढतो. काही कार्डांमध्ये एक अँटिबॉडी त्याला धरते, दुसरी धरत नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील ॲन ग्रोनोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे मांडले. सगळी कार्डे सारखी चुकत नाहीत, कंपनीनुसार फरक पडतो. म्हणून अडीच महिने पाळी चुकलेली, उलट्या होणारी बाई आणि कार्डावर फिकी रेघ किंवा नुसती कंट्रोल, असे दिसले तर लघवी पातळ करून दुसऱ्या कार्डावर टाकून पाहा. रेघ ठळक झाली तर कारण सापडले. झाली नाही, तरी रक्त पाठवाच.

पूर्वी हे उत्तर मिळायला दिवस लागत. १९२० च्या दशकाअखेर बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक उंदरांना बाईच्या लघवीची इंजेक्शने देऊन त्यांची अंडाशये तपासत. आज तीन थेंब आणि तीन ते पाच मिनिटे पुरतात. काम इतके सोपे झाले की ती तपासणी आहे, हेच आपण विसरलो. आयएसओ १५१८९ च्या २०२२ च्या आवृत्तीने रुग्णाच्या खाटेजवळच्या तपासण्याही त्याच मानकात घेतल्या. मान्यता घेणारी प्रयोगशाळा असो वा नसो, कॅज्युअल्टीतल्या कार्डाची जबाबदारी टेक्निशियनने अंगावर घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सिस्टरांवर ढकलू नका; त्यांच्या हाताशी आधीच वीस कामे असतात.

त्यासाठी एक रजिस्टर पुरेल : लॉट नंबर, एक्स्पायरी, थेंब टाकल्याची वेळ, वाचल्याची वेळ, कंट्रोल, नमुना कसा दिसला, सही. दहा मिनिटांनी दिसलेली रेघ त्यात लिहायची नाही. महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात दर आठवड्याला, बीटा एचसीजीचा आकडा माहीत असलेले उरलेले सीरम पुरुषाच्या लघवीत पातळ करून ५० मिली-युनिटच्या आसपासचा नमुना करा आणि ड्रॉवरमधले कार्ड त्यावर तपासा. रेघ आली नाही तर तो लॉट थांबवा. आशाताईंकडच्या निश्चय किटचाही यात विचार हवा. टिनाच्या छपराखाली ठेवलेले पाकीट आपल्या ड्रॉवरपेक्षा जास्त तापते, आणि बारा आठवड्यांच्या आतली नोंदणी त्याच पाकिटावर उभी असते.

आणखी एक. निकाल त्या बाईला सांगा, बाकावर बसलेल्या सासूला किंवा भावाला नव्हे. व्हरांड्यात मोठ्याने हाक मारून तर कधीच नाही.

मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर, धारणी. डफरीन, इर्विन, लेडी हार्डिंग, सर्वोपचार. तुम्ही जिथे असाल तिथे कार्डाच्या ड्रॉवरमध्ये एक थर्मामीटर ठेवा. मे महिन्यातल्या दुपारी तीनचा आकडा आणि पाकिटावर छापलेला आकडा, दोन्ही आम्हाला लिहून पाठवा. जूनच्या अंकात ते छापू.