बोटातला लाल उजेड

मैत्रिणींनो, २८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, आमच्या शाळेत मुलांच्या आयांनाही बोलावलं होतं. शहापूर-मुरबाडकडच्या बायका; हातात पिशवी आणि लक्ष परतीच्या एस.टी.कडे. भाषण कोणाला हवंय? आम्ही सरळ खिडक्या लावल्या आणि प्रत्येकीच्या हाती टॉर्च दिली.

तुम्हीही करून पाहा. अंधारात बोटाचं टोक टॉर्चच्या काचेवर घट्ट टेकवा. बोट लालभडक दिसेल! रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा उजेड पिऊन टाकतं, लाल बराचसा पार जाऊ देतं. आता टी.व्ही.चा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा त्याचा उजेड बऱ्याच मोबाइलवर ठिपक्यासारखा चमकतो.

लाल आणि हा न दिसणारा, असे दोन उजेड बोटातून पाठवायचे नि पलीकडे किती पोचले ते मोजायचं. झाला ऑक्सिमीटर! प्राणवायू घेतलेल्या रक्तातून लाल उजेड जास्त पार होतो. नाडीच्या ठोक्यांवरून हे मोजायची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागींची. ती १९७४ मध्ये पुढे आली. २०२० साली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई हेच यंत्र घेऊन दारोदार आल्या होत्या.

एक वहिनी हळूच म्हणाल्या, "बाई, हंडा उचलला की मला धाप लागते. पण यंत्रावर अठ्ठ्याण्णव येतात. सासूबाई म्हणतात, तुला काही झालेलं नाही."

इथेच फसगत होते, बरं का! दहाऐवजी पाचच एस.टी. सुटल्या, तरी त्या खच्चून भरलेल्याच दिसतात ना? गाड्या किती भरल्यात तेवढंच हे यंत्र सांगतं; गाड्या आहेत किती, ते नाही. अंगात रक्त कमी असलं तरी ९८ येऊ शकतात. त्याला रक्ताचीच तपासणी हवी. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं, की तो ॲनिमिया.

वहिनींचं साडेसात निघालं. आता गोळीची आठवण सासूबाईच करून देतात!

जाता जाता: ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश काढा, हात गार असतील तर चोळून घ्या. सावळ्या बोटावर आकडा कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त येतो, हेही ध्यानात ठेवा. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि धाप लागत असेल, तर आकडा काहीही म्हणो, दवाखाना गाठा.