विमानातलं ब्रेक ऑइल

आपल्याकडे गॅरेजमध्ये सगळे 'ब्रेक ऑइल'च म्हणतात. डबीवर काहीही छापलेलं असो, मेकॅनिक सांगणार, "साहेब, ब्रेक ऑइल कमी झालंय, टॉप-अप करू का?" गंमत अशी की गाडीतलं ते ब्रेक ऑइल बहुतेक वेळा तेल नसतंच. डॉट ३ किंवा डॉट ४ म्हणजे ग्लायकोलच्या जातीचा द्रव. ब्रेकमध्ये खरंखुरं तेल बघायचं असेल तर छोट्या विमानाकडे जावं लागतं. आणि घरी बांधलेल्या विमानात यातलं नक्की काय ओतायचं, हा आजचा विषय.

आता तुम्ही म्हणाल, घरी विमान कोण बांधतं बुवा? अमेरिकेत पुष्कळ लोक बांधतात. त्यांची एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन १९५३ पासून आहे, आणि दर उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला तिची भलीमोठी जत्रा भरते. आपल्याकडेही अमोल यादव यांनी कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. पण हा छंद मुळात रुजला तो अमेरिकेत, म्हणून तिथलंच बोलू. निम्म्याहून जास्त काम हौसेने किंवा शिकण्यासाठी केलेलं असलं की तिथली एफएए ते विमान 'एक्सपेरिमेंटल' वर्गात घालते. किटवाले आणि ब्रेकवाले काय वापरा ते सांगतात, पण शेवटी ठरवणार बांधणारा.

एवढ्याशा विमानाला ब्रेक लागतो कितीसा, असं वाटेल. पण आरव्ही-७ए सारख्या लोकप्रिय किटमध्ये पुढचं चाक ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखं मोकळं फिरतं. हळू चालताना वळायचं तर एका बाजूचा ब्रेक दाबायचा. आडवा वारा असेल तर धावपट्टीपर्यंत जाताना तोच एक ब्रेक पुन्हा पुन्हा दाबावा लागतो. थोडक्यात, जमिनीवर ब्रेक हेच स्टिअरिंग. एका बाजूचा ब्रेक गेला आणि तुम्ही दोन्ही दाबलेत, तर विमान सरळ उभं न राहता दुसऱ्या बाजूला ओढलं जाणार. शिवाय डिस्क छोटी, आणि तिच्याभोवती फायबरग्लासचं कव्हर. तापलेली डिस्क थंड व्हायला वेळ लागतो.

तर मुद्दा असा, की निवड करताना लोक सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. 'कुठला द्रव चांगला?' हा पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न आहे 'आत रबर कुठलं आहे?' अमेरिकन बनावटीच्या बहुतेक छोट्या विमानांच्या ब्रेकमध्ये ओ-रिंग नायट्राइल रबरच्या असतात. त्यांना खनिज तेल चालतं, गाडीचं ग्लायकोल चालत नाही. गाडीच्या ब्रेकमध्ये साधारणपणे ईपीडीएम रबर असतं. त्याचं बरोबर उलटं: ग्लायकोल चालतं, तेल लागलं की फुगतं आणि कामातून जातं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळावं. इंटरफेस जुळत नसेल तर लायब्ररी कितीही भारी असून उपयोग काय! फरक इतकाच की इथे एरर मेसेज येत नाही. रबर आठवड्या-महिन्यांनी, गुपचूप दगा देतं.

रबरचा निकाल लागला की दुसरा प्रश्न आगीचा. विमानातलं पारंपरिक लाल तेल एमआयएल-एच-५६०६ या लष्करी मानकाचं. थंडीत ते फार गुणी आहे, उणे ५४ अंश सेल्सिअसपर्यंत वाहतं. पण त्याचा फ्लॅश पॉइंट मानकाप्रमाणे किमान ८२ अंश. म्हणजे चहाच्या आधणापेक्षाही कमी तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. आता तापलेली डिस्क, उष्णतेने कडक झालेली ओ-रिंग आणि गळणारं तेल हे तिन्ही त्या बंद कव्हरात एकत्र आले की काय होईल ते सांगायला नको. आणि हे सगळं पायलटच्या नजरेआड, पंखाखाली.

याच काळजीपोटी अमेरिकी लष्कराने एमआयएल-पीआरएफ-८३२८२ हे सिंथेटिक तेल आणलं. रंग तोच लाल, त्याच नायट्राइल रबरला चालतं, जुन्या तेलात मिसळलं तरी बिघडत नाही. फ्लॅश पॉइंट मात्र किमान २०५ अंश. ते जळतच नाही असं नाही, पण सुरक्षिततेचं अंतर केवढं वाढलं बघा. ब्रेकमध्ये एक लिटरसुद्धा तेल मावत नाही, त्यामुळे किमतीतल्या फरकाचा बाऊ करण्यात अर्थ नाही.

यावर लोकांचे आक्षेप असतात आणि ते अगदीच पोकळ नाहीत. अलास्कातला माणूस म्हणेल, उणे ४० च्या पुढे तुमचं तेल काकवीसारखं होतं. खरं आहे. त्याने ८७२५७ या मानकाचं तेल घ्यावं, ते थंडीतही वाहतं आणि त्याचा फ्लॅश पॉइंट किमान १६० अंश आहे. कोणी म्हणेल, सिलिकोनचं डॉट ५ घाला, ते पाणी शोषत नाही. पण त्यात हवा जास्त विरघळते, पेडल स्पंजासारखं लागतं, आणि ते बाकी कशात मिसळत नाही. आणि कोणी हमखास सांगेल, की मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घातलंय, वर्षानुवर्षं चालतंय. चालत असेलही. पण ते ज्या कामासाठी तपासलं गेलं ते काम वेगळं, आणि कडाक्याच्या थंडीत ते कसं वागेल याची हमी कोण देणार?

त्याहून मोठी अडचण म्हणजे गिअरबॉक्सचं हे ऑइलही बहुतेक वेळा लालच असतं! ५६०६ लाल, ८३२८२ लाल, हेही लाल. नुसतं बघून काही कळायचं नाही. आणि माझ्या मते खरी जबाबदारी इथे सुरू होते. ही विमानं विकली जातात. एक्सपेरिमेंटल विमानाची किरकोळ दुरुस्ती कोणीही करू शकतो, त्यासाठी लायसन्स लागत नाही. फक्त वार्षिक तपासणीला अधिकृत सही लागते. म्हणजे उद्याचा मालक दूरच्या एखाद्या विमानतळावर टाकी अर्धी बघणार, आणि जवळच्या दुकानातून गाडीचं ब्रेक ऑइल आणून ओतणार. त्याला वेडा म्हणता येणार नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. नायट्राइल रबर असेल तर ८३२८२ घाला. युरोपियन बनावटीच्या ब्रेकसाठी कंपनीने डॉट ४ सांगितलं असेल तर निमूटपणे डॉट ४ घाला, तिथे शहाणपणा नको. आणि काहीही घातलंत तरी टाकीच्या झाकणाजवळ, न पुसणाऱ्या अक्षरात, द्रवाचं मानक आणि रबरची जात दोन्ही लिहून ठेवा. कागदपत्रांत लिहिलंय म्हणून भागत नाही. ओतणाऱ्याच्या हातात तेव्हा डबा असतो, फाइल नसते.

ज्याला हवं ते घालायची मोकळीक आहे, त्याने निदान काय घातलंय ते सांगून जावं, एवढंच. बघा, पटतंय का :)